बिनशिट्टीचा कुकर

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत वेळ मोजण्याचे एक माप आहे, जे कुठल्याही घड्याळात सापडत नाही. ते म्हणजे शिट्टी. 'डाळ किती वेळ शिजवता?' या प्रश्नाला 'दहा मिनिटे' असे उत्तर देणारी गृहिणी मला आजवर भेटलेली नाही. उत्तर ठरलेले असते, 'तीन शिट्ट्या.' कुणाकडे चार, कुणाकडे दोन आणि मग पाच मिनिटे बारीक गॅस. नवी सून घरात आली की तिला देवघर कुठे, किल्ल्या कुठे याच्याबरोबरच 'आपल्याकडे डाळीला किती' हेही सांगितले जाई. चाळीत आणि वाड्यात तर शेजारच्या कुकरवर आपली वेळ ठरे. 'जोशांचा कुकर झाला, उठा आता,' हे वाक्य ज्यांनी ऐकले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

खरे तर शिट्टी हे काही काळाचे माप नव्हे. आतला दाब ठरावीक मर्यादेला पोचला की वजन उचलले जाते, थोडी वाफ सुटते आणि वजन पुन्हा बसते, एवढेच. दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ गेला हे आच किती मोठी, भांडे किती भरलेले, पाणी किती यावर अवलंबून. गॅस मोठा ठेवला तर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. म्हणून कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत बहुधा मिनिटेच दिलेली असतात. पण ती पुस्तिका वाचली कुणी? हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावे आपल्याकडे १९५९ च्या सुमारास आली. तेव्हापासून तीन पिढ्यांनी पुस्तिका कपाटातल्या कागदाखाली ठेवली आणि शिट्ट्या मोजल्या. तेवढ्यावर लाखो घरांची वरणे उत्तम शिजली, कारण शिट्टीबरोबर बाईचे इतर सगळे ज्ञानही कामाला लागलेले असे. आच किती ठेवायची, डाळ जुनी की नवी, भिजली किती, हे तिला ठाऊक होते. शिट्टी ही फक्त हाक होती.

हे सगळे आठवण्याचे कारण आमच्याकडे गेल्या वर्षी आलेला विजेचा बहुउद्देशीय कुकर. डाळ-भात शिजवणे, परतणे, वाफवणे, दही लावणे, मंद आचेवर तासन्‌तास ठेवणे, शिजलेले गरम ठेवणे अशी सहा-सात कामे हे एकच यंत्र करते. दिसायला स्टीलचा पिंप, समोर हिरवे आकडे, आणि शिट्टी नाही. ते हौसेने आणलेले नाही, ते का आणावे लागले हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

आमच्या सौ.ना गेली चार-पाच वर्षे ऐकू कमी येते. वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात; माणसांचे बोलणे बराच काळ ऐकू येत राहते, त्यामुळे आपल्याला काही झाले आहे हे माणूस मान्य करत नाही. कुकरची शिट्टी नेमकी उंच पट्टीतली. ती आधी अस्पष्ट झाली, मग नाहीशी झाली. कानाचे यंत्र घेतले आहे, पण स्वयंपाकघरात त्या ते काढून ठेवतात. स्टीलच्या भांड्यांचा आवाज त्यातून टाळूत घुसतो, असे त्यांचे म्हणणे. एके दिवशी मी बँकेच्या कामाला बाहेर गेलो होतो, आणि त्या ओट्यापासून तीन हातांवर मेथी निवडत बसल्या होत्या. कुकरमधले पाणी संपले, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडाला, छताला डाळ लागली. त्यांना पत्ता लागला तो जळल्याच्या वासाने. कुणाला इजा झाली नाही. पण संध्याकाळी ठाण्याहून लेकीचा फोन आला.

"आई, आता स्वयंपाकाला बाई लाव."

"का? मला काय झालंय?"

"अगं, ऐकू येत नाही तुला."

"ऐकू येत नाही. चव कळते."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढायला निघालेत." चाळीस वर्षे ज्या ओट्यावर आपला शब्द चालला, तिथे पाहुणी होऊन बसायचे ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. लेक बोलत होती ती काळजीपोटी, तिचेही खोटे नव्हते. तडजोड म्हणून तिने हा कुकर पाठवला. त्याच्यात शिट्टी ऐकण्याची गरज नाही, वेळ झाली की तो आपोआप थांबतो. तो जमला तर बाई नको, नाही जमला तर बाई. एका घरगुती यंत्रावर एवढे ओझे क्वचितच पडले असेल.

पहिला आठवडा वाईट गेला. बटणांवरची अक्षरे इंग्रजी. 'सॉटे' म्हणजे परतणे, हे कळल्यावर सौ. म्हणाल्या, "मग परतणेच लिहायचे होते." त्यांनी चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या करून प्रत्येक बटणाखाली मराठी नाव डकवले. आता आमच्या यंत्रावर परतणे, वाफ, दही, गरम ठेवणे आणि ठळक अक्षरांत बंद, असे लिहिलेले आहे. ज्यांच्या घरी आई-वडिलांना असे यंत्र दिले जाते त्यांनी पहिल्याच दिवशी एवढे करून द्यावे.

दुसरी अडचण वेळेची. आकड्यांत दहा मिनिटे लावली म्हणजे दहा मिनिटांत जेवण, असे वाटते. तसे नसते. आधी दाब यायला दहा-बारा मिनिटे, मग ती दहा मिनिटे मोजायला सुरुवात, मग वाफ जिरायला पंधरा. एकूण सदतीस. बँकेत कर्जाचा व्याजदर सांगताना प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे बारीक टायपात असते, त्यातलाच हा प्रकार. एकदा हे ध्यानात आले की राग जातो. आणि वाफ जिरण्याला आपल्याकडे फार छान शब्द आहे. आपण म्हणतो, 'कुकर पडला का?' या यंत्राच्या झाकणावर एक बारीक पिन असते, दाब आला की वर येते, दाब गेला की खरोखरच टप्पकन खाली पडते, आणि ती पडल्याशिवाय झाकण उघडत नाही. ती पिन कानांनी नव्हे, डोळ्यांनी कळते. सौ.चा विश्वास बसायला सुरुवात झाली ती या पिनेपासून.

तिसरी गोष्ट, डाळ शिजेना. यात पदार्थविज्ञान आहे. गॅसवरचा नेहमीचा कुकर साधारण पंधरा पौंडांच्या दाबाला काम करतो, तिथे पाणी १२१ अंशांना उकळते. विजेचे कुकर बहुधा दहा ते बारा पौंडांवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११८ अंश. चार-पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण छोल्यांना आणि तुरीला तो कळतो. म्हणून जुन्या कुकरची मिनिटे इथे जशीच्या तशी चालत नाहीत, थोडी वाढवावी लागतात.

पण किती वाढवावी? इथे माझी जुनी नोकरी उपयोगी पडली. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यंत्रे येऊ लागली, तेव्हा एकदम वह्या बंद केल्या गेल्या नव्हत्या. काही महिने लेजरही लिहायचे आणि यंत्रातही नोंद करायची, आणि संध्याकाळी दोन्हींचा ताळा जमवायचा. त्याला आम्ही 'पॅरलल रन' म्हणत असू. ताळा लागेपर्यंत वहीच खरी. स्वयंपाकघरात हेच करायचे ठरले. महिनाभर तीच डाळ, त्याच वाटीने, निम्मी गॅसवर आणि निम्मी यंत्रात. गॅसच्या कुकरजवळ मी उभा राहायचे, शिट्ट्या मोजायच्या आणि घड्याळ लावायचे. यंत्राजवळ सौ. मी वहीत रकाने आखून दिले: जिन्नस, भिजवले किती, शिट्ट्या किती, मिनिटे किती, शेरा. शेरे त्यांचे. 'बोटचेपी', 'जरा कमी', 'फार झाले, पिठलं झालं'.

हे रकाने भरताना एक गोष्ट लक्षात आली, ती मला या सगळ्या खटाटोपातली सर्वात मोलाची वाटते. चाळीस वर्षांत त्यांना जे ठाऊक होते ते कधी आकड्यांत मांडलेच गेले नव्हते. 'डाळ भिजव' म्हणजे अर्धा तास, हे आता कळले. 'पेरभर पाणी' म्हणजे आमच्या डब्यात सव्वादोन वाट्या. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे घरोघर नेली, तिची फाटकी प्रत आमच्याकडेही आहे. पण रोजचा स्वयंपाक पुस्तकातून होत नाही, हातातून होतो. हातातले ते पहिल्यांदा वहीत उतरत होते, ते या यंत्राने विचारले म्हणून. लेकीने चार वेळा फोनवर 'आई, आमटीला पाणी किती?' विचारले होते, तेव्हा उत्तर होते, 'लागेल तेवढे.'

आणि हे यंत्र तरी कुणाच्या ज्ञानावर उभे आहे? बंद भांड्यात दाबाखाली शिजवण्याची कल्पना फ्रेंच पदार्थवैज्ञानिक देनी पापँची, १६७९ सालची. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सदस्यांना १६८२ मध्ये त्या भांड्यातले जेवण मिळाले होते आणि त्यात हाडेसुद्धा मऊ शिजली होती. एका भांड्यात अनेक पदार्थ एकदम, ही हौस आपल्याकडेही जुनी. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्ये काढलेला 'इकमिक कुकर' म्हणजे कोळशाच्या निखाऱ्यावर वाफेने एकावर एक डबे शिजवणारे नळकांडे. पण आपोआप बंद होण्याची युक्ती जपानमधली. तोशिबा कंपनीने १९५५ मध्ये भाताचा विजेचा कुकर बाजारात आणला. त्याचे काम एका लहान कारखानदाराकडे, योशितादा मिनामी यांच्याकडे होते, आणि भात शिजवून पाहण्याचे खरे काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केले. त्या दिवसरात्र भात लावत, तापमान लिहून ठेवत. शेवटी हाती लागले ते साधे होते. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, पाणी संपले की ते झपाट्याने चढते, त्या चढण्याने एक पट्टी वाकते आणि वीज तुटते. म्हणजे 'भात झाला' हे ओळखण्याचे शहाणपण यंत्रात गेले ते एका गृहिणीच्या टिपणांतून. सौ.ना हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे," आणि वहीत पुढची नोंद केली.

अलीकडचा, अनेक बटणांचा अवतार कॅनडातल्या रॉबर्ट वांग यांनी २०१० मध्ये 'इन्स्टंट पॉट' या नावाने आणला आणि अमेरिकेत त्याने धुमाकूळ घातला. ती कंपनी पुढे हातबदल होऊन कर्जात रुतली आणि जून २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. व्याजाचे दर चढले होते आणि विक्री उतरली होती. विक्री का उतरली याचे एक कारण अनेकांनी सांगितले ते बँकवाल्याला गमतीचे वाटते: ज्याने एक घेतला त्याला दुसरा घ्यावा लागत नव्हता.

आता या यंत्राला काय येते आणि काय येत नाही, ते सांगतो. विकणारे 'सर्व काही' म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या भाषेत स्वयंपाकाची क्रियापदे मोजली तर बोटे पुरत नाहीत. शिजवणे, उकडणे, वाफवणे, परतणे, भाजणे, शेकणे, तळणे, आटवणे, घोटणे, मुरवणे. 'एक वाफ आणणे' हे तर वेगळेच. यंत्राचे झाकण घट्ट, त्यामुळे जिथे पाणी आत राहायला हवे तिथे ते राजा, आणि जिथे पाणी उडून जायला हवे तिथे कुचकामी. बासुंदी आटत नाही. पुरणाची हरभरा डाळ उत्तम शिजते, कटाच्या आमटीला पाणीही झकास निघते, पण पुरण घोटून कोरडे करायला कढईच हवी. पिठले तळाला लागले की यंत्र तक्रार करून थांबते. बिचाऱ्याला वाटते, पाणी संपले. भाकरी, पोळी, भजी, काचऱ्या यांच्याशी त्याचा संबंध नाही.

फोडणीचे तर विचारूच नका. परतण्याच्या बटणावर तेल तापायला वेळ लागतो, भांड्याचा तळ मध्ये किंचित फुगीर असल्याने तेल कडेला पळते, आणि मोहरी तडतडते ती चार जागी चार वेळा. वर झाकण लावून वाफेत कोंडल्यावर हिंग आणि कढीपत्ता निम्मे मरतात. आमच्याकडे आता वरण यंत्रात आणि फोडणी गॅसवर लोखंडी पळीत, वरून ओतायची. पहिल्यापेक्षा वास चांगला येतो, हे मी शपथेवर सांगतो.

जुन्या कुकरचे तीन डबे यात मावत नाहीत, दोनच बसतात. डाळ खाली, भात वर, दहा मिनिटे. तिसऱ्या डब्यातला बटाटा बाहेर राहिला, तो आता भातावर सालासकट ठेवला जातो. छोले रात्रभर भिजवून पंचवीस मिनिटे. भाज्यांना मात्र मिनिटे शून्य लावायची. शून्य मिनिटे शिजवा, हे वाचून मी हसलो होतो, पण दाब येईपर्यंतच्या उष्णतेत दुधी, फरसबी शिजून जाते. लगेच वाफ सोडायची. ही वाफ सोडताना हात बाजूला ठेवावा, आणि तिथे ओले फडके टाकू नये. वर भांड्यांचे कपाट असेल तर यंत्र ओट्याच्या पुढच्या कडेकडे सरकवावे, नाहीतर महिन्यात कपाटाचा पत्रा फुगतो.

दही हा त्याचा खरा गुण. पुण्याच्या थंडीत विरजण लागत नाही. सौ. पातेले शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवत, तरी जानेवारीत दही ताकासारखे. यंत्र रात्रभर कोमट, चाळीस अंशांच्या आसपास राहते. सकाळी कवडी पडलेले दही. एवढ्यासाठीसुद्धा ते घरात राहिले असते.

एक सावधगिरी मात्र गंभीर आहे. 'स्लो कुक' म्हणून मंद आचेचे बटण असते, त्यावर राजमा कधीही लावू नये. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, ते जोरात उकळल्यानेच नष्ट होते. मंद उष्णतेत ते तसेच राहते, आणि उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, राजमा दाबाखालीच शिजवावा.

किरकोळ गोष्टी म्हणजे झाकणातली रबरासारखी सिलिकॉनची कडी वास धरते. गोड्या मसाल्याची आमटी झाल्यावर तांदळाची खीर केली तर खीर ओळखू येत नाही. दोन कड्या ठेवाव्यात, एक तिखटाची, एक गोडाची. विजेचा खर्च भीती वाटते तेवढा नाही. हजार वॅटचे यंत्र सतत तासभर चालले तर एक युनिट, आणि हे दाब आल्यावर अधूनमधूनच वीज ओढते. पण वीज गेली की सगळेच गेले. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद असते, त्या दिवशी जुना कुकर खाली उतरतो. तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात बसतो आणि शिट्ट्या मोजतो, आणि बोटे वर करून सौ.ना दाखवतो.

दिवाळीत लेक आली होती. तिने आईची वही पाहिली आणि तिच्या फोनमध्ये सगळ्या पानांचे फोटो घेतले. बाईचा विषय कुणी काढला नाही. यंत्र काम झाल्यावर बारीक पिप-पिप करते, तेही सौ.ना ऐकू येत नाही. ऐकू येण्याची गरजही नाही, ते गरम ठेवून वाट बघत बसते. त्या खुशाल गॅलरीत मेथी निवडतात.

वहीतला एक रकाना अजून कोरा आहे. वालाच्या बिरड्याचा. सोललेल्या डाळिंब्या अख्ख्या राहिल्या पाहिजेत आणि जिभेवर विरघळल्याही पाहिजेत. तीन मिनिटांत त्यांचा लगदा झाला, एका मिनिटात त्या कच्चट राहिल्या. शेऱ्यात सौ.नी लिहिले आहे, 'शून्य करून, वाफ न सोडता पाहावे.' परवा वाल भिजत घातले आहेत, काल मोड आले. आज दुपारी सोलायला बसायचे आहे, आणि त्या कामाला यंत्र नसल्याने मलाही बोलावणे आले आहे.